हात भट्टीच्या दारावर का? कार्डवरचं चित्र, फॅन आर्ट आणि एआयची इमेज

प्रश्न बराच मोठा होता, थोडा छाटून देते: "ताई, दोन वर्षं झाली मी कार्ड गेममधल्या कॅरेक्टर्सचं फॅन आर्ट काढतोय, पुढे कार्डांसाठीच काम करायचंय. माझा एक मित्र एआयवर इमेज बनवतो. त्याच्या एका संध्याकाळच्या इमेजला माझ्या तीन आठवड्यांच्या चित्रापेक्षा जास्त लाइक्स पडतात. वर तो म्हणतो, तू तरी कुठे ओरिजिनल, दुसऱ्याचंच कॅरेक्टर काढतोस ना. त्याला काय सांगू? आणि एआयची इमेज आर्ट असते की नसते?"

आधी तुझ्या मित्राचं जे अर्धं खरं आहे ते मान्य करून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल. बरंचसं फॅन आर्ट, म्हणजे चाहत्याने काढलेलं आवडत्या कॅरेक्टरचं चित्र, कंटाळवाणं असतं. माझं तर होतंच, चार वर्षं होतं. तेच कॅरेक्टर, कंबरेपर्यंत, जरा वळून उभं, केस वाऱ्यावर, मागे चमचम, हातात ते प्रसिद्ध शस्त्र. मी एकदा माझ्या जुन्या फोल्डरमधली चाळीस-पन्नास चित्रं एकत्र लावून बघितली आणि त्यातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "हे असं का?" म्हणजे हा हात असा का, उजेड डावीकडूनच का, हा माणूस कुठे बघतोय आणि का बघतोय. जवळजवळ सगळीकडे उत्तर एकच, "मूळ चित्रात तसंच होतं म्हणून". घाम भरपूर गाळला होता पण ठरवलं काहीच नव्हतं. तेव्हा तीन आठवडे लागले म्हणून ते आर्ट आणि एक संध्याकाळ लागली म्हणून ते नाही, हा हिशोब मित्रापुढे मांडायला जाऊ नकोस, तोंडघशी पडशील. वेळ हे काही माप नाही. मी स्वतः एक कार्ड दोन दिवसांत केलंय आणि ते माझ्या बऱ्यापैकी चांगल्या कामांपैकी आहे, आणि दीड महिना घोळत बसलेलं एक इतकं मेलेलं आहे की पोर्टफोलिओत लावत नाही.

आता कार्डाकडे येते, कारण तुला त्यातच काम करायचंय आणि माझं सगळं म्हणणं तिथूनच निघतं.

मॅजिक किंवा पोकेमॉन या गेम्सचं कार्ड साधारण ६३ बाय ८८ मिलिमीटरचं असतं, यु-गी-ओचं त्याहून थोडं लहान. त्यात नाव, मजकूर, आकडे, चौकट हे सगळं काढलं की नेहमीच्या कार्डावर चित्राला उरतो तो चौकोन जेमतेम काडेपेटीएवढा. तू स्क्रीनवर चार-पाच हजार पिक्सेल रुंद रंगवतोस, झूम करून पापण्या काढतोस, आणि खेळणारा ते बघतो समोरच्या खुर्चीवरून, म्हणजे उलटं, प्लास्टिकच्या स्लीव्हमधून, वर दिव्याची चमक, आणि एका सेकंदात त्याला कळायला हवं की समोरच्याने कुठलं कार्ड टाकलं. त्यामुळे कार्डवरचं चित्र हे आधी एक चिन्ह असतं आणि मग चित्र. आकृती काळी भरली तरी ओळखू यायला हवी. अंधार, मधली छटा, उजेड असे तीन ठोकळे नीट वेगळे हवेत. छपाईत जाताना आरजीबीचं सीएमवायके होतं, म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचे रंग छपाईच्या चार शायांमध्ये उतरतात, तेव्हा तो जीव ओतून केलेला चमकता निळा मंदावतो, गडद भाग एकमेकांत मिसळतात. एखादं कार्ड भिंगाखाली धरून बघ, सगळं चित्र म्हणजे चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं फुलं दिसतात, तुझ्या पापण्या त्यात कधीच विरघळलेल्या असतात. उरतं काय तर तू घेतलेले मोठे निर्णय. कोण कुठे, उजेड कुठून, नजर कुठे.

हे निर्णय म्हणजे काय ते एका कामावरून सांगते.

काही वर्षांपूर्वी एका गेमसाठी ब्रीफ आलं. ब्रीफ म्हणजे पाच-सात ओळी असतात: कुठल्या रंगाचं कार्ड, जागा कुठली, काय चाललंय, मूड काय. यात होतं की एक म्हातारी लोहारीण स्वतःच्या भट्टीशी भांडतेय, राग दिसायला नको, रोजचं सवयीचं भांडण वाटायला हवं. मला ते वाक्य वाचूनच हसू आलं, कारण असं भांडण कोणाचं नसतं? मी तीन थंबनेल्स, म्हणजे छोटी कच्ची चित्रं, पाठवली, प्रत्येक अंगठ्याएवढं. दोन अगदी अपेक्षित, भट्टी पेटलेली, ठिणग्या, बाई बोट नाचवतेय. तिसऱ्यात ती भट्टीला एका खांद्याने टेकून उभी आहे, डावा हात भट्टीच्या दारावर, जसा आपण हट्टी जनावराच्या पाठीवर ठेवतो तसा, आणि ती वर धुराड्याकडे बघून काहीतरी पुटपुटतेय. आर्ट डायरेक्टरने तिसरं निवडलं आणि खाली एकच ओळ लिहिली: हात भट्टीच्या दारावर का, भाजणार नाही का?

मी पहिल्यांदा वैतागले, मग लक्षात आलं की मला उत्तर माहितेय. भट्टी विझलेली आहे. म्हणूनच तर ती भांडतेय! पण मी ते कुठे दाखवलंच नव्हतं, सवयीने आतून नारिंगी उजेड टाकला होता, कारण भट्टी म्हटलं की हात आपोआप नारिंगी रंगाकडे जातो. मग ते सगळं काढलं. उजेड खिडकीतून आणला, पहाटेचा, निळसर राखाडी. चित्रातला सगळ्यात गरम रंग तिच्या गालावर आणि कानाच्या पाळीवर ठेवला, म्हणजे खोलीत गरम काही असेल तर ही बाईच. भट्टीच्या दाराशी कालची राख, आणि तिच्या उजव्या हातात हातोडा नाही, तर झाडू. एका प्रश्नाने अख्खं चित्र बदललं. कार्ड आल्यावर एका इव्हेंटला एक मुलगी सही घ्यायला आली आणि म्हणाली, ही भट्टी गार आहे ना? काडेपेटीएवढ्या चित्रात तिला ते दिसलं होतं. मी तिला आर्टिस्ट प्रूफ दिलं. चित्रकाराला स्वतःच्या कार्डाच्या मोजक्या प्रती मिळतात, काही गेममध्ये त्यांची मागची बाजू कोरी पांढरी असते, त्यावर आम्ही छोटी स्केचेस काढून देतो. मागे एक झाडू काढून दिला.

आता एआय. मी दूर बसून नाकं मुरडणाऱ्यांपैकी नाही, मी बसून वापरून बघितलंय. हेच ब्रीफ मी नंतर एका जनरेटरमध्ये टाकलं, उत्सुकता म्हणून. दीडेकशे इमेजेस काढल्या असतील. सुंदर होत्या, काही माझ्यापेक्षा चांगल्या रंगवलेल्या, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येकीत भट्टी धगधगत होती, प्रत्येक बाईच्या चेहऱ्यावर खालून नारिंगी उजेड, प्रत्येक बाई रागावलेली नाहीतर वीरश्रीने पेटलेली. विझलेली भट्टी असं लिहिलं तरी आत कुठेतरी निखारे. रोजचं भांडण लिहिलं तर ओरडणारी बाई. यात मशीन मठ्ठ आहे असं नाही, ते त्याला शिकवलं तेच करतंय. ही मॉडेल्स शिकतात कशी, तर चित्र आणि त्याचं वर्णन अशा जोड्यांवरून. चित्रात गोंगाट मिसळत जायचा आणि तो काढून चित्र परत कसं मिळवायचं हे शिकायचं. स्टेबल डिफ्यूजन नावाचं असं एक मॉडेल २०२२ मध्ये आलं तेव्हा त्यामागे लायन-५बी नावाच्या डेटासेटमधल्या जोड्या होत्या, त्या एकट्या डेटासेटमध्ये ५८५ कोटी. इतक्या चित्रांत भट्टी या शब्दाशेजारी बहुतेक वेळा आगच असणार. म्हणजे मशीन देतं ते "बहुतेक वेळा जे असतं" ते. आणि माझ्या कार्डातली सगळी गंमत बहुतेक वेळा जे नसतं त्यात होती.

तू म्हणशील आता टूल्स सुधारलीत, एखादा भाग खोडून पुन्हा बनवता येतो, पोझ देता येते, आपलं स्केच देऊन त्यावर बनवता येतं. बरोबर आहे. म्हणून मी बोटं सहा आली, दात बत्तीसच्या वर गेले असल्या गोष्टींवर कधीच वाद घालत नाही, ते आज ना उद्या जाणारच होतं. वाद घालायचाच तर या प्रश्नावर घाल की चित्रात जे आहे ते तिथे का आहे याचं उत्तर कोणाकडे आहे. मी आर्ट डायरेक्टरला सांगू शकले, भट्टी विझलीये म्हणून. तुझ्या मित्राला विचार, तुझ्या इमेजमधल्या त्या योद्ध्याच्या खांद्यावर पट्टा का आहे, तो पुढे कुठे जातो, कशाला बांधलाय. तो म्हणेल, आलं तसंच. बस, आणखी काही नाही. "आलं तसंच" आणि "ठेवलं तसं", एवढाच फरक मी धरून चालते.

पण तो निवडतो ना, शंभरातून एक निवडणं हाही निर्णयच ना? हो. हा त्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, तो त्याला सुचला नसेल तर मीच देते. फोटोग्राफीच्या वेळी हेच भांडण झालं होतं आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. नेपोलियन सरोनी नावाच्या फोटोग्राफरने लेखक ऑस्कर वाइल्डचा फोटो काढला, एका लिथोग्राफ कंपनीने तो परस्पर छापून विकला, आणि कोर्टात म्हणाली की फोटो तर कॅमेऱ्याने काढला, यात सरोनीचं काय? १८८४ मध्ये कोर्टाने सरोनीच्या बाजूने निकाल दिला, आणि कारणं वाचण्यासारखी आहेत: वाइल्डला त्याने बसवलं, कपडे-पडदे त्याने मांडले, उजेड-सावली त्याने लावली. लक्षात घे, कोर्टाने बटण कोणी दाबलं हे नाही मोजलं, मांडामांड कोणाची होती ते मोजलं.

आता याच फूटपट्टीने २०२२ चं ते गाजलेलं प्रकरण बघ, अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट फेअरमध्ये मिडजर्नी या एआय जनरेटरवर बनवलेल्या इमेजला डिजिटल विभागात पहिलं बक्षीस मिळालं ते. बनवणाऱ्याने सांगितलं होतं की मी किमान ६२४ वेळा प्रॉम्प्ट, म्हणजे मशीनला लिहून दिलेली सूचना, बदलले. मेहनत नव्हती असं कोण म्हणेल? तरी अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने २०२३ मध्ये नोंदणी नाकारली, कारण मशीनने बनवलेला भाग दाव्यातून वगळायला तो तयार नव्हता. पुढे जानेवारी २०२५ च्या अहवालात त्यांनी स्पष्टच लिहिलं की नुसते प्रॉम्प्ट देण्याने इमेजवर पुरेसा ताबा येत नाही, पण माणसाने स्वतः केलेला भाग, त्याने केलेले बदल, मांडणी, यांना संरक्षण मिळू शकतं. कायदा म्हणजे काही कलेचा न्यायाधीश नव्हे, आणि हा एका देशाचा कायदा आहे, पण कामाच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे. गेम कंपनीला कार्डावरच्या चित्राची मालकी हवी असते, ते चित्र ती डब्यावर, पोस्टरवर, प्लेमॅटवर वापरणार असते. ज्याची मालकी ठामपणे सांगता येत नाही ते चित्र ती विकत घेईल कशाला.

आमच्या धंद्यात निवडणाऱ्याला एक नाव आधीपासून आहे बरं का. ब्रीफ लिहायचं, दहा रफ मागवायचे, त्यातला एक निवडायचा, "अजून थोडं उदास करा" म्हणायचं, हे काम आर्ट डायरेक्टर करतो. अवघड काम आहे, चांगला आर्ट डायरेक्टर मिळणं हे नशीब. पण कार्डाच्या तळाशी ती बारीक ओळ असते ना, मॅजिकच्या आताच्या कार्डांवर ब्रशचं छोटंसं चिन्ह आणि पुढे नाव, पोकेमॉनवर "इलस." लिहून नाव, तिथे आर्ट डायरेक्टर स्वतःचं नाव घालत नाही. मित्राला फार तर एवढं सांग की तू क्लायंट आहेस, चांगला क्लायंट असशील, पण तिथे सही करू नकोस. (यु-गी-ओच्या कार्डांवर चित्रकाराचं नावच नसतं, आणि त्याचा मला आजही राग येतो, पण तो विषय वेगळा.)

हत्याराचा मात्र मला जराही विटाळ नाही, आणि हे मुद्दाम सांगते कारण एआयच्या विरोधात बोलायला लागलं की लोकांना लगेच कागद-पेन्सिलचं प्रेम फुटतं. पोकेमॉनच्या कार्डांवर युका मोरिई मातीची छोटी शिल्पं करून त्यांचे फोटो काढतात, तेच चित्र. आसाको इतो लोकरीचे विणलेले पोकेमॉन करून फोटो काढतात. केइजी किनेबुचींनी १९९६ च्या पहिल्या सेटमध्येच कॉम्प्युटरवर बनवलेली चित्रं दिली होती, ती आज जरा गुळगुळीत फुग्यासारखी दिसतात पण त्यातल्या प्रत्येक गोळ्याची जागा त्यांनीच ठरवलीये. मी स्वतः थ्रीडीमध्ये खोली उभी करून त्यावर रंगवते, फोटोचे तुकडे वापरते, आरशात स्वतःचे वेडेवाकडे चेहरे करून रेफरन्स घेते. उद्या कोणी स्वतःच्याच ड्रॉइंगवर मॉडेल शिकवून, त्याचं आउटपुट फाडून, वर रंगवून, विचारपूर्वक काही केलं तर मी ते आर्ट नाही असं म्हणणार नाही. म्हणेन की दाखव, आणि हे असं का ते सांग.

आता फॅन आर्ट, मित्राचा दुसरा टोमणा. दुसऱ्याचं कॅरेक्टर काढतोस म्हणजे तूही चोरच, मग मी चोर असलो तर काय. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्यात.

फॅन आर्ट स्वतःच्या कपाळावर लिहून फिरतं की मी कोणाचं आहे. बघणाऱ्याला कॅरेक्टर ओळखू आलं नाही तर ते फसलं, म्हणजे मूळ निर्मात्याकडे बोट दाखवणं हेच त्याचं काम. कायद्याने त्या कॅरेक्टरचा हक्क कंपनीचाच आहे, त्यात गैरसमज नको. बऱ्याच कंपन्या फुकट शेअर केलेल्या फॅन आर्टकडे काणाडोळा करतात, काही तर लिहून परवानगी देतात. मॅजिकवाल्या विझार्ड्स ऑफ द कोस्टचं फॅन कंटेंट धोरणच आहे, ढोबळमानाने त्याचा अर्थ असा की फुकट वाटा, अधिकृत नाही हे लिहा, विकू नका. विकायला लागलास की खेळ बदलतो, तेव्हा प्रिंट्स विकायच्या आधी त्या त्या कंपनीचं धोरण वाच, मैत्रिणीची मैत्रीण विकते म्हणून तू विकू नकोस.

आणि कार्डांच्या जगाने फॅन आर्टला कधी हलकं लेखलंच नाही. या छंदातल्या सगळ्यात महागड्या कार्डांपैकी एक म्हणजे पिकाचू इलस्ट्रेटर. ते पाकिटातून निघत नव्हतंच, १९९७-९८ मध्ये जपानच्या कोरोकोरो कॉमिक या मासिकाने चित्रस्पर्धा घेतल्या त्यातल्या विजेत्यांना ते बक्षीस दिलं होतं, ३९ जणांना. कार्डावर पिकाचू हातात ब्रश-पेन घेऊन आहे, चित्र आत्सुको निशिदांचं, म्हणजे पिकाचूचं डिझाइन जिने केलं तिचंच. २०२१ मध्ये त्यातल्या एका कार्डाचा सौदा ५२ लाख ७५ हजार डॉलरला झाला. त्या विजेत्यांनी काढलं काय होतं? पोकेमॉनची चित्रं. फॅन आर्ट! आजही पोकेमॉनची अधिकृत इलस्ट्रेशन स्पर्धा असते तेव्हा आलेली प्रत्येक एंट्री व्याख्येनेच फॅन आर्ट असते, कॅरेक्टर कंपनीचं, नजर तुझी. आणि याच स्पर्धेत २०२४ ला काय झालं ते तुला माहीत असेलच: पहिले ३०० निवडून जाहीर केले, लोकांनी काही चित्रांवर एआयचा संशय घेतला, कंपनीने नियम मोडल्याचं सांगून काही एंट्रीज बाद केल्या आणि त्यांच्या जागी दुसरे चित्रकार घेतले. म्हणजे ज्या ठिकाणी दुसऱ्याचं कॅरेक्टर काढणं हीच अट आहे तिथेही लोकांनी हा फरक केला. मित्राच्या टोमण्याला एवढं एक उदाहरण पुरे.

चोरी वेगळी. चोरी अधिकृत चित्रकारही करतो. मॅजिकच्या २०२१ च्या एका कार्डवर दोन ड्रॅगन आहेत, त्यातला एक कोणा चाहत्याने कधीतरी नेटवर टाकलेल्या फॅन आर्टमधून उचललेला निघाला. विचार कर, कंपनीकडून पैसे घेणाऱ्या माणसाने फुकट काढणाऱ्याचं चित्र उचललं! कंपनीने त्याचं पुढचं काम थांबवलं. तिथे ओरिजिनल कोण होता आणि नकलाकार कोण? मी पण साव नाही. एकोणीस वर्षांची असताना एका फॅन आर्टमध्ये एका मोठ्या चित्रकाराच्या कार्डावरचा हात जसाच्या तसा ट्रेस केला होता, तलवार धरलेला, फार सुंदर हात होता तो. कोणाला कळलं नाही. दोन वर्षांनी मला तसाच हात जरा वेगळ्या कोनातून काढायचा होता तेव्हा कळलं की मला तो येतच नाही, कारण अंगठा तिथे का आहे हे मी कधी समजूनच घेतलं नव्हतं. ट्रेस करून शिकायला माझी ना नाही, फक्त खाली लिही कोणाचा ट्रेस आहे, आणि मग तोच हात न बघता तीन कोनांतून काढून बघ.

एआयच्या बाबतीत आम्हा चित्रकारांच्या मनाला जे लागलं ते इथे आहे, आणि मित्राला हे शांतपणे सांगता आलं तर सांग. ग्रेग रुत्कोव्स्की हे पोलंडचे चित्रकार, मॅजिकसाठी पण काम केलेले. सप्टेंबर २०२२ मध्ये बातमी आली की त्यांचं नाव प्रॉम्प्टमध्ये ९३ हजारांच्या आसपास वेळा वापरलं गेलंय, पिकासोपेक्षा जास्त. त्यांची तक्रार पैशांपेक्षा वेगळीच होती: नेटवर माझं नाव शोधलं की माझं नसलेलंच काम वर येईल. फॅन आर्ट मूळ माणसाकडे लोक घेऊन येतं, एआय त्याला त्याच्याच नावाखाली पुरतं. विचारलं कोणी? नाही. २०२३ च्या जानेवारीत काही चित्रकार एआय इमेज बनवणाऱ्या कंपन्यांविरुद्ध अमेरिकेत कोर्टात गेले, त्यात कार्ला ओर्टीझ आहेत, त्यांनीही मॅजिकची कार्डं रंगवलीयेत. म्हणजे कार्डवाले या भांडणात बाजूला उभे नाहीत, पहिल्या रांगेत आहेत.

एक मजेशीर प्रसंग जानेवारी २०२४ चा. मॅजिकच्या जाहिरातीची एक इमेज आली, जुन्या धाटणीच्या प्रयोगशाळेत ठेवलेली कार्डं. कार्डांवरची चित्रं माणसांचीच होती, गडबड होती पार्श्वभूमीत. लोकांनी बल्बमधल्या तारा आणि दाबमापकाचे काटे-आकडे बघून विचारलं, ही तार जाते कुठे, या तबकडीवर लिहिलंय काय? कंपनी आधी ठाम, माणसानेच बनवलंय. दोन-तीन दिवसांत कबूल करावं लागलं की एआयचे भाग त्यात शिरलेत. त्याच्या आदल्याच महिन्यात त्यांनी जाहीर केलं होतं की मॅजिकच्या अंतिम उत्पादनात जनरेटिव्ह एआय वापरायचं नाही! मला यातली गंमत ही वाटते की पकडलं कोणत्याही सॉफ्टवेअरने नाही. पकडलं "ही तार इथे का?" या प्रश्नाने. माझ्या आर्ट डायरेक्टरचाच प्रश्न तो.

पण याची दुसरी बाजूही बघ, आजकाल प्रत्येक चित्रावर लोक एआय-एआय ओरडत सुटतात आणि माणसाने काढलेल्या साध्या चुकीलाही पुरावा समजतात. माझ्या एका विद्यार्थिनीवर असा आळ आला, तिने हाताची नखं चुकवली होती एवढंच. तिच्याकडे थंबनेल्स होती, लेयर असलेली फाइल होती, मधले तीन टप्पे होते, दहा मिनिटांत प्रकरण मिटलं. तेव्हा फाइल्स जपून ठेव, सगळं एका लेयरवर मिसळून टाकायची सवय असेल तर आजपासून सोड. रफ फेकू नकोस, खराब रफ तर अजिबातच नको, तेच सगळ्यात जास्त तुझे असतात.

आता कामाचं. एआय शिकावं का? काय आहे ते समजून घे, घाबरू नकोस, पण पोर्टफोलिओत घालू नकोस. बऱ्याच कंपन्या आता करारात लिहून घेतात की जनरेटिव्ह एआय वापरलेलं नाही, कल्पना सुचवायला, रेफरन्सला, कशालाच नाही, आणि तू खोटं लिहिलंस तर नाव जातं, या क्षेत्रात सगळे सगळ्यांना ओळखतात. उलट बाजूने, करारात तुझी चित्रं मॉडेल शिकवायला वापरण्याचा हक्क मागितलाय का तेही शोध, ते कलम बहुतेक पान सहा-सातवर कुठेतरी झोपलेलं असतं. मी एकदा ते खोडून पाठवलं, समोरून दोन दिवस काहीच नाही, माझी झोप उडालेली, मग निमूटपणे खोडलेलंच सही होऊन परत आलं.

लाइक्सचं म्हणशील तर फीडमध्ये अंगठा खाली सरकवताना जे चमकतं त्याला लाइक पडतो, आणि चमकवणं मशीनला फार छान जमतं. तेच चित्र पन्नासाव्यांदा टेबलावर पडतं तेव्हा कोणी चमकीकडे बघत नाही. चांगलं कार्ड खेळणाऱ्याला शंभर खेळांनंतर एखादी गोष्ट नव्याने दाखवतं, अरे, हिच्या हातात झाडू आहे. त्यासाठी तो झाडू कोणीतरी तिथे ठेवलेला असावा लागतो. हे लाइक्समध्ये मोजता येत नाही आणि त्याचा त्रास होतो हे मलाही माहितेय, मला पण होतो, अजूनही.

तुला मी एक काम देते. आवडतं कॅरेक्टर घे, फॅन आर्टच कर, हरकत नाही. पण त्याला अशा क्षणात पकड जो गेमने कधी दाखवलेला नाही. लढाई जिंकताना नको. लढाईनंतर बुटाचा बंद सुटत नाहीये म्हणून वैतागलेला असला तरी चालेल. अंगठ्याएवढी बारा थंबनेल्स काढ, पहिली चार फेकायचीच आहेत असं समजून काढ कारण ती सगळ्यांना सुचणारी असतात, भट्टीतली आग तिथेच असते. मग तीन निवडून पाच सेंटिमीटर रुंदीचे प्रिंट काढ, काळे-पांढरे, भिंतीला उलटे चिकटव आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघ. जे ओळखू येईल ते रंगव. रंगवायच्या आधी मित्राला बोलाव आणि त्याला सांग, या चित्रातल्या कुठल्याही गोष्टीवर बोट ठेव आणि हे असं का विचार. त्याला वाद घालायची हौस आहे ना, तर या कामाला तो उत्तम. जिथे तू अडखळशील तिथे खूण कर.

आणि मला ते तीन आठवड्यांचं चित्र पाठवू नकोस, ती बारा थंबनेल्स पाठव, खुणांसकट.